आधी गळती शोधा : नव्यानं घर सांभाळायला लागलेल्यांसाठी

नाशिकला जुन्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावर आम्ही राहायला आलो, तेव्हा पहिल्याच महिन्यात मी खरेदीची यादी केली होती. हॉलसाठी एसी, बेडरूमच्या भिंतीला नवा रंग आणि पाण्याची जास्तीची टाकी. वर्षभरानं बघितलं तर यातलं काहीच आणलेलं नव्हतं, आणि घर मात्र राहायला कितीतरी बरं झालं होतं. एसी हवासा वाटायचा कारण डोक्यावरचा स्लॅब तापायचा. रंग हवा होता कारण गच्चीच्या कठड्याला चीर गेली होती. टाकी पुरायची नाही कारण संडासातली फ्लशची टाकी रात्रंदिवस गळत होती.

म्हणून पहिल्यांदा घर चालवायला घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते. पहिले पंधरा दिवस काही विकत घेऊ नका. घर नुसतं तपासा. पाणी, वीज, ऊन आणि ओल हे चार कुठून येतात, कुठून जातात ते बघा. खाली ज्या क्रमानं लिहिलंय त्याच क्रमानं केलंत तर सुरुवातीची कामं जवळजवळ फुकटात होतात, आणि मोठा खर्च करायची वेळ आलीच तर तो कुठे करायचा हे कळलेलं असतं.

वही आणि मीटर

एक साधी वही घ्या. रोज ठरावीक वेळी, म्हणजे सकाळी चहाच्या आधी म्हणा, विजेच्या मीटरचं रीडिंग लिहा. आजच्या आकड्यातून कालचा वजा केला की दिवसाचे युनिट मिळतात. एक युनिट म्हणजे १००० वॉटचं उपकरण एक तास चालणं. शेजारी एका ओळीत त्या दिवशी वेगळं काय घडलं तेही लिहा : पाहुणे होते, इस्त्री झाली, गिझर चालू राहिला. आठवड्यात घराचा स्वभाव कळायला लागतो. स्मार्ट मीटर असेल तर रोजचा वापर मोबाइलवरही दिसतो, पण हातानं लिहिल्यावर तो जसा लक्षात राहतो तसा स्क्रीनवर बघून राहत नाही, हा माझा अनुभव.

आता मागचं बिल काढा. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे बदलतात आणि पुढच्या टप्प्यातलं प्रत्येक युनिट आधीच्यापेक्षा महाग पडतं. म्हणजे तुमचा वापर महिन्याला ३२० युनिट असेल तर वरची २० युनिटं सगळ्यात महागाची. वाचवलेलं युनिट नेहमी या वरच्या टोकाकडूनच कमी होतं, त्यामुळे थोड्या बचतीचाही बिलावर चांगला परिणाम दिसतो. स्थिर आकार मात्र वापर कमी केला तरी तेवढाच राहतो, तो हिशेबात धरू नका. पुढे मी सोयीसाठी युनिटला १० रुपये धरलेत. तुमचा खरा दर बिलावर बघा.

कुठलं उपकरण किती खातं हे शोधायलाही वेगळं यंत्र लागत नाही. डिजिटल मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो, पुढे 'इम्प प्रति केडब्ल्यूएच'. म्हणजे एक युनिट जळेपर्यंत तो दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. घरातलं सगळं बंद करून एकच पंखा लावा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. मीटर ३२०० चा असेल तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, १६०० चा असेल तर २२५० ला. उत्तर वॉटमध्ये येतं. १५ सेकंद आले तर पंखा ७५ वॉटचा. मीटर खाली जिन्यात असेल तर एकजण खाली, एकजण वर आणि फोन चालू. मीटरला किंवा त्याच्या सीलला हात लावायचा नाही, फक्त बघायचं.

हे करताना आणखी एक गोष्ट बघून घ्या. फ्रिज आणि इन्व्हर्टरसकट सगळी बटणं बंद केल्यावर दिवा पूर्ण थांबतो का? थांबत नसेल तर एखादं उपकरण अजून चालू आहे, वायरिंगमध्ये कुठेतरी करंट उतरतोय किंवा दुसऱ्या कुणाची लाइन तुमच्या मीटरवर आहे. इथे स्वतः काही उघडू नका, परवानाधारक वायरमनला बोलवा. तो आलाच आहे तर अर्थिंग तपासून घ्या आणि बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, नसेल तर ३० मिलिअँपिअरचा बसवून घ्या. याने बिल कमी होणार नाही. पण ओल्या हातानं गिझरचं बटण दाबणाऱ्या माणसाचा जीव त्यानं वाचतो, म्हणून हा खर्च मी सगळ्यांत वर ठेवते.

आमच्या वहीतून निघालेला पहिला चोर म्हणजे सेट-टॉप बॉक्स. टीव्ही रिमोटनं बंद झाला तरी तो चालूच राहायचा. १० वॉट म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण २४ तास आणि ३० दिवस धरले की सात युनिटं होतात. भिंतीवरचं बटण बंद करायची सवय लागली आणि तो विषय संपला.

पंखा आणि गिझर

पंखा हळू फिरतो म्हणून तो बदलायची घाई करू नका. बऱ्याचदा आतला कपॅसिटर दमलेला असतो. छताच्या पंख्याला बहुतेक वेळा २.५ मायक्रोफॅरडचा लागतो, विजेच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळतो आणि चहा-नाश्त्याच्या पैशांत काम होतं. मेन स्विच बंद करून, पाती ओल्या फडक्यानं पुसून मग बदला. पात्यांवरची धूळसुद्धा वारा कमी करते.

कपॅसिटरनंही भागलं नाही तर बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा पंखा घ्या. साधा पंखा ७०-८० वॉट घेतो, हा साधारण ३० वॉट. दिवसाला १५ तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट, म्हणजे आपल्या हिशेबानं २०० रुपये वाचतात. पण हा हिशेब १५ तासांचा आहे. पाहुण्यांच्या खोलीत दिवाळीत आणि मे महिन्यात फिरणारा पंखा बदलून पैसे वसूल व्हायला कित्येक वर्षं जातील. म्हणून आधी आजी-आजोबा दिवसभर बसतात ती खोली, मग रात्रीची झोपायची खोली, बाकीचे जुने राहू देत. दुकानात पंखा, फ्रिज, काहीही घेताना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं तारांकनाचं लेबल बघा. त्यावर ताऱ्यांच्या जोडीनं आकडेही असतात, दोन मॉडेल समोरासमोर ठेवताना ते आकडेच खरे उपयोगी पडतात.

गिझरचं गणित कागदावर केलं की त्याचा धाक बसतो. २० लिटरची बादली २५ अंशांवरून आंघोळीच्या ४२ अंशांपर्यंत आणायला सुमारे ०.४ युनिट लागतात. चौघांचं घर असेल तर दिवसाला १.६, महिन्याला ४८ युनिट. हीच आंघोळ आठ मिनिटं शॉवरखाली केली आणि शॉवर मिनिटाला ८ लिटर सोडत असेल तर एका माणसाला सव्वा युनिटाहून जास्त लागतं. बादलीनं आंघोळ करायची आपली जुनी पद्धत इथे घसघशीत पैसे वाचवते.

गिझरमध्ये तापमान बदलायची कळ असेल तर ५०-५५ अंशांवर आणा. ७० अंशांपर्यंत तापवून पुन्हा बादलीत गार पाणी घालायचं, यात टाकीच्या भिंतीतून उष्णता उगाच निघून जाते. २००० वॉटच्या १५ लिटरच्या गिझरला पाणी ५० अंशांपर्यंत न्यायला पाव तासही लागत नाही. दार वाजवून 'गिझर लावलाय, लगेच जा' असं सांगायचा नेम ठेवा आणि आंघोळी लागोपाठ उरका. गॅस गिझर असेल तर तो बंद बाथरूमच्या आत कधीही नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आतच बेशुद्ध पडतो. तो बाहेर, उघड्या हवेवर बसवून घ्या.

पाणी

आधी फ्लशची टाकी. रात्री झोपताना टाकीत कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाका आणि कुणी वापरणार नाही असं बघा. अर्ध्या तासानं भांड्यात निळसर पाणी उतरलेलं दिसलं तर टाकीच्या तळाचं रबर गेलंय. ही गळती आवाज करत नाही, म्हणून महिनोन्महिने लक्षात येत नाही. रबर बदलायला प्लंबर अर्धा तास घेतो. त्याच्या शेजारी उभं राहून बघा, पुढच्या वेळी तुम्हीच कराल.

मग ठिबकणारे नळ. तासभर खाली लोटी ठेवा आणि जमलेलं पाणी मापा. तासाला एक लिटर निघालं तर वर्षाला ८,७६० लिटर. जुन्या पिळाच्या नळात रबरी वायसर असतो. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळात स्पिंडल. दोन्ही सुटे मिळतात, अख्खा नळ बदलायची गरज क्वचित पडते. दुकानात जाताना जुना भाग खिशात घालून न्या, मापं वेगवेगळी असतात.

स्वयंपाकघरातल्या आणि बेसिनच्या नळाच्या तोंडाला एरेटर, म्हणजे हवा मिसळणारी जाळी लावा. धार जाड वाटते पण पाणी निम्म्याच्या आसपास येतं. भांडी आणि हात धुवायला तेवढं पुरतं. बादली भरायच्या नळाला मात्र लावू नका, तिथे उगाच वेळ जातो. बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी जाळी तुंबली की रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायची.

आरओबद्दल, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्राबद्दल, माझं मत जरा कडक आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, आयएस १०५०० नुसार, विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असलेलं पाणी चालतं. तुमच्याकडे नगरपालिकेचं धरणाचं पाणी येत असेल तर आधी साधं टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र, लावून बघा. आकडा दीड-दोनशेच्या आसपास असेल तर आरओ कशासाठी? यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) आणि गाळणी असलेलं यंत्र पुरतं, त्यात पाणी वाया जात नाही. बोअरचं जड पाणी असेल आणि आरओ लागतोच, तर त्याची सांडपाण्याची नळी बादलीत सोडा. ते पाणी फरशी पुसायला आणि संडासात ओतायला चालतं.

ऊन

खरा फरक इथे पडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे उन्हाळ्यात खोली तापते ती मुख्यतः दोन वाटांनी. वरचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत ते खोलीत सोडत राहतो. दुसरी वाट पश्चिमेच्या खिडकीची. काचेतून आत आलेलं ऊन पडदा अडवतो खरा, पण तोवर ते घरात शिरलेलं असतं. तापलेला पडदाच मग खोली तापवतो. म्हणून ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर.

खिडकीचं काम आधी, ते एका रविवारी होतं. नर्सरीत मिळणारी हिरवी शेडनेट ७५ टक्के सावलीची घ्या आणि ग्रिलच्या बाहेरच्या बाजूनं, काचेपासून वीतभर अंतर सोडून ताणून बांधा. मधून हवा खेळली पाहिजे. बाल्कनी असेल तर बांबूची चिक लावा, दिसायलाही सुंदर. अकोल्याच्या मावशीकडे दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे असत, त्यावर दुपारी पाणी शिंपडलं की खोलीत गारवा आणि सुगंध दोन्ही. विदर्भ, खानदेश, मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हे जमतं आणि म्हणूनच तिथे कूलरही चालतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत पाण्याचं बाष्प होत नाही, कूलर नुसता चिकचिकाट वाढवतो. तिकडच्या वाचकांनी कूलरवर पैसे घालू नयेत, वारा आरपार वाहील असं बघावं.

आता गच्ची. सोसायटीत असाल तर आधी लेखी परवानगी घ्या, गच्ची सगळ्यांची असते. वेळ फेब्रुवारी-मार्चची. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, एवढंच या मागचं तत्त्व, आणि चुना हा त्यातला सगळ्यांत स्वस्त उपाय. कामाचा क्रम असा :

१. गच्ची झाडून, शेवाळ लोखंडी ब्रशनं खरवडून, धुऊन दोन दिवस वाळू द्या. पाणी कुठे साचतं ते धुतानाच बघून ठेवा, त्याचा उपयोग पुढे आहे.

२. चिरा भरून घ्या. यासाठी चीर भरायची तयार पेस्ट मिळते. चुना चिरांवरून नुसता फासू नका.

३. पिशवीतला विरलेला चुना घ्या. कळीचा चुना पाण्यात उसळतो आणि भाजतो, नवख्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. चुना रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा. तो गच्चीला धरून राहावा म्हणून रंगाच्या दुकानात मिळणारा डीडीएल फेव्हिकॉल त्यात मिसळा, प्रमाण दुकानदाराला विचारा.

४. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. चुना डोळ्यात गेला तर भरपूर पाण्यानं धूत राहा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

५. ऊन उतरल्यावर कुंच्यानं पहिला हात दुधासारखा पातळ, दुसऱ्या दिवशी दुसरा हात जरा दाट. शेवट जिन्याच्या दाराशी येईल असं बघा.

पहिल्या वर्षी आम्ही फक्त बेडरूमच्या वरच्या भागाला चुना दिला. रात्री अकराला स्लॅबला खालून हात लावला तर हॉलचा कोमट आणि बेडरूमचा गार. आईनं दोन्हीकडे हात लावून बघितला आणि दुसऱ्याच दिवशी उरलेल्या चुन्याची चौकशी केली. साधारणपणे छताखालच्या खोलीत दोन ते चार अंशांचा फरक पडतो. पंख्याची हवा गरम लागत होती ती लागेनाशी होते, आणि एसीवाचून झोप येते की नाही हे याच दोन-चार अंशांवर ठरतं. चुना एका पावसाळ्यात निघून जातो, पुढच्या वर्षी पुन्हा द्यावा लागतो. ऊन परत फेकणारा तयार रंग महाग असतो पण काही वर्षं टिकतो. माझा सल्ला, पहिल्या वर्षी चुनाच द्या, फरक अनुभवा आणि मग रंगाचा विचार करा.

खिडक्या पहाटे उघडा, दहाच्या सुमाराला बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम व्हायला लागली की बंद करा आणि सूर्य मावळल्यावर पुन्हा उघडा. एसी असेलच तर २४-२६ अंशांवर ठेवून पंखा सोबत लावा.

ओल

भिंतीला पोपडे आले की रंगारी पुट्टी मारून देतो आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे परत येतात. पाणी कुठून येतं ते कळल्याशिवाय भिंतीवर एक रुपयाही घालू नका.

चाचणी सोपी आहे. ओलसर जागी स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवसांनी काढा. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर ते हवेतलं बाष्प आहे. खोलीत कपडे वाळत घालणं थांबवा, एक्झॉस्ट पंखा लावा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ते भिंतीतून येतंय.

भिंतीतून येत असेल तर पुढचा प्रश्न, ओल फक्त पावसाळ्यात दिसते की बारा महिने? फक्त पावसाळ्यात असेल तर गच्ची, कठडा, बाहेरच्या गिलाव्याच्या चिरा, खिडकीचा छज्जा, पावसाळी पाइपची तोंडं बघा. आमची बेडरूमची ओल कठड्याच्या चिरेतून खाली उतरत होती, डाग मात्र चिरेपासून चार फूट लांब. पाणी स्लॅबमधून आडवं चालतं हे तेव्हा कळलं. बारमाही ओल असेल तर बाथरूमकडे बघा : वरच्यांच्या नहाणीचा ट्रॅप (पाणी वाहून जायच्या जाळीखालचा भाग), फरश्यांमधल्या फटी, भिंतीतला पाइप. वरच्या शेजाऱ्यांना दोन-तीन दिवस ते बाथरूम कोरडं ठेवायची विनंती करा आणि डाग वाळतो का बघा. पुरावा हातात असला की बोलणं सोपं जातं, संबंधही बिघडत नाहीत. पुष्कळदा फटी इपॉक्सी ग्राउटनं, म्हणजे फरश्यांमधल्या फटी भरायच्या पाणी न शोषणाऱ्या लेपानं, भरल्यावरच काम भागतं, फरशी फोडावी लागत नाही.

ही सगळी दुरुस्ती मृगाच्या आधी, मे संपेपर्यंत आटपा. गच्ची धुताना जिथे पाणी साचलेलं दिसलं तिथला उतार नीट करून घ्या, पाइपच्या तोंडावर जाळी बसवा आणि पावसाळाभर पंधरा दिवसांनी पालापाचोळा काढा.

स्वयंपाकघर, थोडक्यात

शेगडीची ज्योत निळी हवी, पिवळी दिसली तर बर्नरची भोकं साफ करा. डाळ, छोले, राजमा भिजवून कुकरला लावा. फ्रिजच्या दारात नोट अडकवून दार लावा, नोट सहज ओढली गेली तर दाराचं रबर सैल झालंय. फ्रिजच्या मागे हात जाईल एवढी जागा सोडा.

भाड्याच्या घरात असाल तर

जे काढून नेता येतं त्यावरच खर्च करा : बीएलडीसी पंखा, एरेटर, एलईडी दिवे, शेडनेट. मूळ पंखा जपून ठेवा, घर सोडताना परत लावायचा. ओल आणि गच्ची ही घरमालकाची कामं. फॉइल चाचणीचे फोटो तारखेसकट पाठवून करून मागा.

सगळ्यात शेवटी सोलर

स्वतःचं घर आणि स्वतःची गच्ची असेल तर पीएम सूर्यघर योजनेत केंद्राचं अनुदान आहे. १ किलोवॉटला ३०,०००, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८,००० रुपये. अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवरच करायचा, पुरवठादारही तिथल्या नोंदणीकृत यादीतूनच निवडायचा. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि महिन्याला १००-१२० युनिटं मिळतात.

हे मुद्दाम शेवटी ठेवलंय. वापर ३२० युनिट असताना सोलर बसवायला गेलात तर ३ किलोवॉटचा आकडा सांगितला जाईल. पंखे, गिझर आणि गच्चीचं काम करून तोच वापर २२० वर आला असेल तर २ किलोवॉटमध्ये भागतं. अर्ज करायच्या आधी वहीतले निदान सहा महिन्यांचे आकडे काढा, त्यात एप्रिल-मे आलेच पाहिजेत. आणि सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीची आणि शेजारच्या इमारतीची सावली कुठपर्यंत येते ते खडूनं आखून ठेवा. पुरवठादार मापं घ्यायला आला की त्या रेषा त्याला दाखवा.